निरोगी घशातील बिऱ्हाडकरू

मुळशी तालुक्यात पावसाची झड लागली की शाळांच्या खिडक्या बंद होतात. ताम्हिणीच्या बाजूला तर दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा एखाद्या शाळेच्या वर्गात चाळीस मुले दाटीवाटीने बसली आहेत, पाढे म्हणत आहेत, मास्तरांची पाठ वळताच एकमेकांना चिमटे काढीत आहेत, आणि त्यांतील एकालाही ताप नाही, खोकला नाही, घशाची तक्रार नाही, अशी कल्पना करावी. आता ह्या चाळीसही मुलांच्या घशात मागील बाजूस कापसाचा बोळा हलकेच फिरवून तो प्रयोगशाळेत नेला, तर काय सापडेल?

निरनिराळ्या देशांत निरोगी मुलांच्या घशांच्या अशा ज्या पाहण्या झाल्या, त्यांचा एकत्रित हिशेब २०१० साली प्रसिद्ध झाला आहे. त्यावरून सरासरीने शंभरांत बारा मुलांच्या घशात एक विशिष्ट जंतू आढळतो. म्हणजे आमच्या ह्या कल्पित वर्गात चार-पाच मुले अशी निघतील, की ज्यांच्या घशात घसा सुजविणारा, पू करणारा आणि प्रसंगी हृदय कायमचे अधू करून ठेवणारा जंतू बिऱ्हाड करून राहिला आहे. आणि तरीही ती मुले ठणठणीत आहेत! ही गोष्ट आईबापांना सांगितली तर त्यांचा पहिला उद्गार काय असेल हे सांगावयास नको. 'मग द्या की औषध!' असेच ते म्हणतील. हे उत्तर स्वाभाविक आहे, मायेचे आहे, परंतु ते बहुतेक वेळा चुकीचे आहे. ते चुकीचे का, आणि ज्या वेळी औषध खरोखर द्यावयाचे त्या वेळी ते दिले गेले नाही तर काय होते, ह्या दोन गोष्टींचा उलगडा येथे करावयाचा आहे.

प्रथम ह्या जंतूची ओळख करून घेऊ. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. शास्त्रातील त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस. आपण सोयीसाठी त्याला माळजंतू म्हणू. माळजंतूंचे कुटुंब फार मोठे आहे आणि त्यांतील बहुतेक मंडळी गरीब स्वभावाची आहेत. दही लावताना आपण ज्या विरजणावर विसंबून राहतो त्यातील एक जंतू हा आपल्या घशातील एका निरुपद्रवी माळजंतूचा अगदी जवळचा नातलग होय. ह्या गोतावळ्यातून गुंड ओळखून काढण्याची रीत मोठी सुटसुटीत आहे. मेंढीचे थोडे रक्त मिसळून केलेला अगरचा थर काचेच्या झाकणीच्या बशीत ओततात; त्यावर घशातील बोळा फिरवून बशी एक दिवस शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीवर मोहरीहून बारीक ठिपके उमटलेले दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे जंतूंची एक वसाहत. गरीब माळजंतूंच्या ठिपक्याभोवती रक्ताचा रंग जरासा हिरवट होतो, तर ह्या दुष्ट माळजंतूच्या ठिपक्याभोवती रक्त पार विरघळून स्वच्छ पारदर्शक कडे तयार होते. असे रक्त विरघळविणारे माळजंतूही अनेक जातींचे आहेत. रिबेका लान्सफील्ड ह्या अमेरिकन विदुषीने १९३३ साली त्यांची गटवारी लावून दिली, आणि माणसाच्या घशाला छळणारा जो मुख्य, तो तिच्या यादीत 'अ' गटात पडला.

निरोगी माणसाच्या अंगात रोगाचा जंतू राहू शकतो हा विचार वैद्यकात फार जुना नाही. विषमज्वराच्या बाबतीत रॉबर्ट कॉक ह्याने १९०२ च्या सुमारास त्यावर बोट ठेवले. आणि पुढे न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ह्या स्वयंपाकिणीची हकीकत जगभर गाजली. स्वतः धडधाकट असलेली ही बाई ज्या ज्या घरी स्वयंपाकाला राही तेथे तेथे विषमज्वर शिरे. तेव्हापासून 'वाहक' ह्या शब्दाला एक भीतीचा वास चिकटला आहे. घशातील माळजंतूचा वाहक मात्र मेरीच्या जातीचा नव्हे. जो मुलगा घसा दुखून तापाने फणफणला आहे, त्याच्या खोकल्या-शिंकांतून हा जंतू भराभर पसरतो. परंतु जो मुलगा महिनोन् महिने नुसता वाहक आहे, त्याच्या घशातील जंतूंची संख्या हळूहळू कमी होत जाते, त्यांचा जोम ओसरतो, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा संभव फारच थोडा असतो. स्वतः त्यालाही त्यापासून सहसा अपाय होत नाही. शिवाय औषध देऊन त्याला घालवू म्हटले तरी तो सुखासुखी जात नाही. ज्या पेनिसिलीनने आजारी मुलाचा घसा साफ होतो, त्याच पेनिसिलीनने वाहकाचा घसा पुष्कळदा साफ होत नाही. आणि झालाच, तर शेजारच्या बाकावरून नवा पाहुणा यावयास वेळ लागत नाही.

घसा ही काही ओस पडलेली जागा नाही. तेथे अनेक जातींचे कोट्यवधी जंतू दाटीने नांदत असतात, आणि नव्याला सहजासहजी पाय ठेवू देत नाहीत. मुळशीच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. आंबेमोहराचे रोप टाकण्यापूर्वी तो काय करतो? खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पाला, काटक्या पसरून उन्हाळ्यात राब भाजतो. जमीन भाजून निघाली की तणाचे बी मरते, आणि पहिला पाऊस पडताच त्या मोकळ्या जागी तो स्वतःच्या हाताने भाताचे बी टाकतो. प्रतिजैविक औषध पोटात गेले की घशातही असाच राब भाजला जातो. दुष्ट माळजंतू मरतात, आणि त्यांच्याबरोबर हजारो निरपराध शेजारीही मरतात. फरक एवढाच की येथे पेरणारा कोणी नसतो. मोकळ्या झालेल्या जागेवर जे बी भाजून मेले नाही तेच उगवते. आणि जे मेले नाही ते, अर्थातच, त्या औषधाला दाद न देणारे!

आता ह्या दुष्ट माळजंतूला आपण इतके महत्त्व का देतो ते सांगितले पाहिजे. घसा दुखणे तीन-चार दिवसांत आपोआपच थांबते. पण ह्या जंतूने घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा ताप येतो; आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा मनगट; आणि ह्या सांध्यांच्या गडबडीत हृदयाच्या झडपा सुजतात. ह्याला संधिवाताचा ताप म्हणतात. जंतू स्वतः हृदयात जाऊन बसत नाही. जंतूच्या अंगावरील द्रव्ये आणि आपल्या हृदयातील द्रव्ये ह्यांत काही साम्य आहे. त्यामुळे जंतूशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज आपल्याच घरावर चालून जाते. सांधे बरे होतात. झडपा मात्र आतल्या आत आखडत, जाड होत राहतात. मुलगी शाळेत जाते, मोठी होते, तिचे लग्न होते, आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळी सहाव्या-सातव्या महिन्यात ती जिना चढताना धापा टाकू लागते तेव्हा डॉक्टर छातीला नळी लावून सांगतात की झडप अरुंद झाली आहे. लहानपणी केव्हातरी घसा दुखला होता हे तोपर्यंत आईच्याही लक्षात राहिलेले नसते. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या देशात तो अजून आहे, आणि दाटीची घरे व दूरचा दवाखाना असेल तेथे अधिक आहे.

हा अनर्थ टाळता येतो हेही पुराव्याने सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत वायोमिंग संस्थानातील फोर्ट वॉरन ह्या लष्करी तळावर दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण सैनिकांमध्ये माळजंतूची साथ वारंवार येई. तेथील डॉक्टरांनी काही सैनिकांना पेनिसिलीन दिले व काहींना नुसतेच पाहत राहिले. आजच्या नीतिकल्पनांना हा प्रयोग मानवणार नाही. पण १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनी जगाला एक गोष्ट शिकविली. उपचार न झालेल्यांत शंभरी सुमारे दोन-तीन जणांना संधिवाताचा ताप आला. पेनिसिलीन घेतलेल्यांत तो क्वचितच आला. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी हा ताप टळतो, असा हिशेब पुढे बसला. नऊ दिवस म्हणजे पौडाच्या बाजारला दोनदा जाऊन येता येईल इतका अवकाश. म्हणजे घाईघाईने, रात्रीतून, हाती लागेल ते औषध मुलाच्या तोंडात घालण्याची येथे काहीच गरज नसते.

पेनिसिलीनचा आणि ह्या भागाचा संबंध जवळचा आहे. मुळशीच्या पूर्वेकडील शिवेपासून थोड्याच अंतरावर, पिंपरी येथे, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने 'हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स' हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५४ साली कंपनी स्थापन झाली व १९५५ च्या ऑगस्टमध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्यापूर्वी अवघी चौदा वर्षे, १९४१ साली, ऑक्सफर्ड येथे हे औषध प्रथमच एका पोलीस शिपायाला देण्यात आले, तेव्हा ते इतके दुर्मिळ होते की त्याच्या लघवीतून परत गाळून काढून त्यालाच पुन्हा टोचावे लागले. तो सुधारू लागला, औषध संपले, आणि तो दगावला. हे औषध पुढे आपल्या दाराशी पिंपाने तयार होऊ लागले, ह्या गोष्टीचे मोल त्या पिढीला ठाऊक होते. आपल्याला ते तितकेसे जाणवत नाही.

पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग ह्याने १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना जे भाषण केले, त्यात त्याने एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो आणि अपुरे घेतो. घशातील माळजंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड कसे द्यावयाचे ते शिकतात. ते जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन दिले जाते, ते चालत नाही, आणि ती मरण पावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंगने श्रोत्यांसमोर टाकला. गेली ऐंशी वर्षे ही गोष्ट डॉक्टरमंडळी एकमेकांना सांगत आली आहेत. तिच्यातील एक गंमत मात्र सहसा कोणी सांगत नाही. फ्लेमिंगने ज्या जंतूचे नाव घेतले, तो 'अ' गटाचा माळजंतू आजतागायत पेनिसिलीनला शरण आहे! जगभर टनावारी पेनिसिलीन वापरले गेले, अर्धवट घेतले गेले, आणि तरीही पेनिसिलीनने न मरणारा असा हा जंतू दवाखान्यांतून अवतरलेला नाही. ही निसर्गाने आपल्यावर केलेली मोठीच मेहेरबानी होय.

मग फ्लेमिंग चुकला काय? नाही. त्याचे भाकीत ह्या जंतूच्या शेजाऱ्याच्या बाबतीत खरे ठरले. त्याच घशात, जरा वर नाकाच्या मागच्या बाजूस, न्यूमोकॉकस नावाचा दुसरा एक माळजंतू राहतो. लहान मुलांत तो फारच सर्रास आढळतो, आणि तोही बहुधा काही त्रास न देता राहतो. पण फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया करतो, मेंदूच्या आवरणात शिरला तर मुलाचा जीव घेतो. ह्या जंतूवर पेनिसिलीनचा अंमल कमी पडू लागल्याची पहिली ठळक वार्ता १९६७ साली ऑस्ट्रेलियातून आली, आणि १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तर एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे न्यूमोकॉकस सापडले.

हे त्याने कसे साधले, ती हकीकत मोठी विलक्षण आहे. पेनिसिलीन जंतूला मारते ते त्याच्या भिंतीच्या गवंड्याचे हात धरून. जंतूच्या पेशीला बाहेरून एक बळकट भिंत असते, ती बांधणारी काही द्रव्ये त्याच्या अंगात असतात, आणि पेनिसिलीन नेमके त्यांना जाऊन चिकटते. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटून मरतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला त्याची बाधा होत नाही. आता, १९२८ साली लंडनमध्ये ग्रिफिथ नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की जिवंत न्यूमोकॉकस हा मेलेल्या न्यूमोकॉकसचे गुण उचलू शकतो. आणि १९४४ मध्ये न्यूयॉर्कला एव्हरी व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की हे गुण ज्या द्रव्यातून येतात ते डीएनए होय. आनुवंशिकतेचे रहस्य उलगडले ते ह्या घशातल्या जंतूमुळे! जी करामत प्रयोगशाळेत दिसली तीच मुलांच्या घशात चालू होती. घशातील निरुपद्रवी माळजंतूंनी वर्षानुवर्षे औषधांचा मारा सोसून आपले गवंडी बदलले होते. पेनिसिलीनच्या हाती न लागणारे गवंडी त्यांनी तयार केले होते. न्यूमोकॉकसने त्या शेजाऱ्यांच्या डीएनएचे तुकडे उचलून आपल्या गवंड्यांत सांधले, गोधडीला ठिगळे लावावीत तसे.

म्हणूनच आम्ही म्हणतो की निरोगी मुलाचा घसा ही त्याची एकट्याची मालमत्ता नव्हे. तेथील निरुपद्रवी जंतूंनी कमावलेली हुशारी उद्या दुसऱ्या एखाद्या घातक जंतूच्या कामी येते, आणि तो जंतू तिसऱ्याच घरातील तान्ह्या मुलाच्या छातीत उतरतो. ज्या मुलाने औषध घेतले त्याला ह्याची वार्ताही नसते.

ही नुसती कल्पना नव्हे. बेल्जियममधील संशोधकांनी २२४ निरोगी स्वयंसेवक घेतले. काहींना ॲझिथ्रोमायसिन दिले, काहींना त्याच घराण्यातील क्लॅरिथ्रोमायसिन, आणि काहींना औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळाले हे ना देणाऱ्याला ठाऊक होते ना घेणाऱ्याला. नंतर सर्वांच्या घशांतील माळजंतू वारंवार तपासले. औषध घेतलेल्यांच्या घशात त्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण एकदम चढले, आणि सहा महिने उलटले तरी ते पूर्वीच्या जागी आले नव्हते. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ध्यानात घ्या, ही माणसे आजारी नव्हती. त्यांच्या घशात मारण्यासारखे काहीच नव्हते. तीन-चार किंवा फार तर आठवडाभराचे औषध, आणि त्याची खूण अर्धे वर्ष! ॲझिथ्रोमायसिनचा एक गुण असा की ते शरीरात फार काळ रेंगाळते. डोस थोडे लागतात म्हणून ते रोग्याला आवडते. परंतु शेवटचे दिवस त्याचे प्रमाण इतके उतरलेले असते की त्यात कच्चे जंतू मरतात आणि पक्के तगतात. फ्लेमिंगच्या गोष्टीतील अपुरा डोस येथे औषधाच्या अंगभूत स्वभावातच आहे.

आता आपल्याकडे पाहू. २०१९ सालच्या भारतातील खासगी बाजारपेठेतील प्रतिजैविकांच्या खपाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत अधिक खपणारी गोळी कोणती निघाली? ॲझिथ्रोमायसिन, ५०० मिलिग्रॅम. त्यानंतरच्या दोन वर्षांत करोनाच्या साथीत ह्या गोळ्या घरोघरी कशा वाटल्या गेल्या हे सर्वांच्या आठवणीत आहे. करोनाचा विषाणू तिला भीक घालीत नव्हता ते निराळेच. 'अ' गटाचा माळजंतू पेनिसिलीनला शरण असला तरी एरिथ्रोमायसिन-ॲझिथ्रोमायसिनच्या ह्या घराण्याला तो दाद देईनासा झाला आहे, आणि असे माळजंतू आपल्या देशातही आढळतात. त्याच्या दोन युक्त्या आहेत. एक, औषध पेशीत जेथे जाऊन बसते ती जागाच बदलून टाकणे, म्हणजे चावी तीच पण कुलूप निराळे. आणि दुसरी, आत शिरलेले औषध पंपाने उपसून बाहेर टाकणे.

ह्यातून मागे फिरता येते काय? फिनलंडने ते करून दाखविले. १९९० च्या आसपास त्या देशात एरिथ्रोमायसिनला न जुमानणारे माळजंतू वाढू लागले. डॉक्टरांना देशव्यापी सूचना गेल्या, ह्या औषधांचा वापर जवळजवळ निम्म्यावर आला, आणि १९९२ साली शंभरांत साडेसोळा असलेले असे जंतू १९९६ साली साडेआठांच्या जवळ उतरले. एक-दोन वर्षांत काहीच फरक दिसला नव्हता हेही सांगितले पाहिजे; मळलेले पाणी निवळण्यास वेळ लागतो. सर्वच जंतू इतक्या सहज मागे फिरत नाहीत, पण घशातील हा माळजंतू फिरतो एवढे त्या छोट्या देशाने दाखवून दिले.

मुळशी तालुका ह्या बाबतीत मोठा शिकवणारा आहे, कारण औषधाच्या अतिरेकाची आणि अभावाची अशा दोन्ही चुका त्याच्या दोन टोकांना घडू शकतात. पूर्वेकडे हिंजवडी, पिरंगूट. उंच इमारती, कारखाने, आणि हाकेच्या अंतरावर औषधांची दुकाने. तेथे मुलाला पडसे झाले, घसा खवखवला, आईबाप दोघेही नोकरीवर, शाळा बुडवून चालत नाही. तेव्हा 'मागच्या वेळी दिली होती तीच द्या' म्हणून दुकानातून गोळी येते. पश्चिमेकडे ताम्हिणीच्या अंगाला पावसाळ्यात एस.टी.ची वाट पाहण्यातच दिवस जातो. तेथे मुलगा तापाने लाल झाला, घास गिळवेना, मानेला गाठी आल्या, तरी आजी हळद-दूध देते आणि चार दिवसांनी मुलगा खेळू लागला की प्रकरण संपले असे सर्वांना वाटते. पहिल्या घरात औषध नको असताना दिले गेले, दुसऱ्या घरात हवे असताना राहिले. आणि पावसाळा संपेपर्यंत दोन्ही मुलांच्या घशातील जंतू बाजारात, जत्रेत, लग्नकार्यात एकमेकांना भेटून मोकळे झालेले असतात.

घसा दुखणाऱ्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाच्याच घशात माळजंतू सापडतो. बाकीच्यांचे दुखणे विषाणूंचे असते आणि त्यांच्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. येथे आपला वाहक पुन्हा घोटाळा करतो. ज्या मुलाच्या घशात माळजंतू नुसताच राहत होता, त्याला पावसात भिजून विषाणूचे पडसे झाले, घसा तपासला, माळजंतू सापडला, आणि दोष त्याच्या माथी आला! घरात चोरी झाली आणि ओटीवर झोपलेला पाहुणा पकडला गेला, असा हा प्रकार. म्हणून जाणता डॉक्टर केवळ तपासणीच्या कागदावर विसंबत नाही. नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, डोळे लाल आहेत, तर दुखणे बहुधा विषाणूचे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, विश्रांती, तापाला पॅरासिटामॉल एवढे पुरे. ताप एकाएकी भरला, गिळताना कळ येते, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात, टॉन्सिलवर पांढरट पू दिसतो, आणि खोकला मात्र नाही, तर माळजंतूचा संशय धरावा आणि डॉक्टर गाठावा. मग औषध घ्यावयाचे ते साधे जुने पेनिसिलीन किंवा त्याचा जवळचा भाऊ ॲमॉक्सिसिलीन, आणि तेही पुरते दहा दिवस. तिसऱ्या दिवशी मुलाला बरे वाटते, आणि नेमक्या त्याच दिवशी गोळ्या फडताळावर जाऊन बसतात. झडपांचा धोका अशाने टळत नाही. ज्यांना पेनिसिलीनची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिनचे घराणे राखून ठेवावयास हवे. ते आपण पडशावर उधळीत आहोत.

औषधाच्या पाकिटावर डाव्या कडेला एक तांबडी उभी रेघ असते ती पुष्कळांनी पाहिलेली असेल. २०१६ पासून केंद्र सरकारने तिचा अर्थ लोकांना समजावून सांगण्याची मोहीम काढली. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून हे औषध घ्यावयाचे नाही, असे ती रेघ सांगते. २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवावी असाही नियम आहे. नियम चांगले आहेत. ते पाळले जातात किती, हे ज्याने त्याने आपल्या नाक्यावरच्या दुकानाशी ताडून पाहावे.

न्यूमोकॉकसच्या बाबतीत आणखी एक उपाय हाताशी आला आहे. त्याच्यावरील लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या सार्वत्रिक लसीकरणात आली व २०२१ मध्ये देशभर लागू झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही २०२० साली ह्या जातीची स्वतःची लस भारतात आणली. ह्या लसीचा विशेष असा की ती टोचलेल्या बाळाच्या नाका-घशातून लसीतल्या जातींना बिऱ्हाड करू देत नाही, आणि त्यामुळे न टोचलेल्या शेजाऱ्यांचाही बचाव होतो. 'अ' गटाच्या माळजंतूवर मात्र अजून लस नाही. त्याचे दोनशेहून अधिक पोटभेद आहेत. आणि त्याच्या अंगावरील ज्या द्रव्यांची लस करावी त्यांचेच आपल्या हृदयाशी साम्य असल्यामुळे संशोधकांना प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते.

निरोगी वाहकांना औषध देऊ नये ह्या नियमाला मोजके अपवाद आहेत, ते सांगून हा विषय पुरा करू. घटसर्पाचा जंतू एखाद्या निरोगी मुलाच्या घशात सापडला तर त्याला औषध दिलेच पाहिजे. तो जंतू माळजंतूसारखा सौम्य बिऱ्हाडकरू नव्हे. आश्रमशाळेसारख्या निवासी ठिकाणी संधिवाताच्या तापाचे एकापाठोपाठ एक रोगी निघू लागले तर सर्व मुलांचे घसे तपासून वाहकांवर उपचार करणे योग्य ठरते. आणि ज्या घरात एखाद्या मुलाला संधिवाताचा ताप येऊन गेला आहे, त्या घरातील इतरांच्या घशांकडे डॉक्टर निराळ्या नजरेने पाहतो. त्या मुलाला स्वतःला तर दर तीन आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे, पुष्कळदा वयाची एकविशी उलटेपर्यंत आणि झडप बिघडली असल्यास त्याहूनही पुढे घ्यावे लागते. ते स्वस्त आहे, म्हणून ते बनविणारे थोडे, आणि जगात ते अधूनमधून टंचाईत सापडते. ते दुखते, म्हणून मुले टाळतात. भरपावसात डोंगरवस्तीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत त्यासाठी चालत यावे लागते, म्हणून आईबापांचीही एखादी पाळी चुकते. तो एकविसावा दिवस शाळेतील शिक्षकाने हजेरीपटाच्या कोपऱ्यात मांडून ठेवला, तर ती पाळी चुकणार नाही.